आईच्या गडावरून जाणारी आकाशरेषा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले, की पुसदच्या बसस्थानकावरील गर्दीचे तोंड आपसूक माहूरकडे वळते. पैनगंगा ओलांडली, की तास-सव्वा तासाच्या वाटेवर रेणुकामातेचा गड. पिढ्यान्‌पिढ्या ही वाट पायांनी, बैलगाडीने आणि पुढे एस. टी.ने तुडवली. आता दूरदेशी नोकरीस असलेली मुले दोन दिवसांची रजा काढून आईच्या दर्शनाला येऊ पाहतात आणि घरी विचारतात, ‘विमानाने आलो, तर किती वेळ वाचेल?’

या प्रश्नाचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. त्यासाठी दोन विमानतळांचा विचार करू : नागपूर आणि नांदेड. नागपूरचा लौकिक जुना. 1949 साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत चारी महानगरांची विमाने मध्यरात्री तेथेच एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत. नांदेडच्या विमानतळाचा कायापालट 2008 च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने झाला, म्हणजे तोही एका धर्मसोहळ्याचाच प्रसाद. पुढे 27 एप्रिल 2017 रोजी प्रादेशिक हवाई योजनेच्या पहिल्या उड्डाणांत हैदराबाद–नांदेड मार्गाचा समावेश होता.

या दोन विमानतळांमधील सरळ आकाशमार्ग सुमारे 280 किलोमीटरांचा, वैमानिकाच्या भाषेत दीडशे सागरी मैलांचा. रस्त्याने हेच अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात जाते. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानाला निव्वळ अंतर कापण्यास चौतीस मिनिटे पुरतात. चढणे, उतरणे व धावपट्टीवरील वाटचाल धरून पाऊण ते एक तास होतो.

आता नकाशावर नागपूर व नांदेड यांना जोडणारी रेघ ओढून पाहावी. ती पुसदच्या पूर्वेकडून, सुमारे तीस किलोमीटरांवरून निघून जाते आणि जाते ती थेट माहूरवरून! नागपूरहून निघालेले विमान सरळ रेषेत गेले, तर वीस-पंचवीस मिनिटांत प्रवासी आईच्या माथ्यावर येईल. पण तेथे उतरणार कसे?

नागपूरकराने हा हिशेब पुरा मांडावा. विमानतळावर दीड तास आधी पोहोचावे लागते. उड्डाणाला पाऊण तास, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास, आणि नांदेडहून माहूरपर्यंत मोटारीने तीन तास. बेरीज पावणेसहा तास. यवतमाळमार्गे सरळ मोटारीने निघालेला भाविक साडेचार-पाच तासांत गडाच्या पायथ्याशी पोहोचलेला असतो! मुंबई वा हैदराबादेहून येणाऱ्याची गोष्ट वेगळी; त्याची रात्रभराची दगदग विमान खरोखर वाचवते. मात्र प्रादेशिक सेवांची वेळापत्रके बदलत राहतात, ती पाहूनच रजा टाकावी. शिवाय नांदेडला उतरल्यावरही पुसदचे घर अडीच-तीन तास दूरच असते.

तात्पर्य, आमच्या भागातील यात्रेकरूचा वेळ आकाशात जात नाही, तो जमिनीवर जातो. म्हणून खड्डे नसलेला रस्ता, वेळेवर सुटणारी जादा गाडी आणि घाटात सांभाळून चालवणारा चालक हीच म्हाताऱ्या आईची खरी विमाने होत. मुलगा विमानाने आला, तरी त्याला घेऊन गडाकडे निघायचे ते याच वाटेने. पायऱ्या चढून दर्शन घडले आणि तांबुलाचा प्रसाद हाती पडला, की अंतर किती होते, हे विचारावेसे कोणाला वाटते?