रुळांकडे गेलेले गाव

गावाकडे रेल्वे येते हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. रेल्वेकडे गाव गेल्याचे उदाहरण मात्र विरळाच. झिंबाब्वेच्या पूर्व सीमेवरील मुतारे हे असे शहर आहे. मॅनिकालँड प्रांताचे हे मुख्य ठाणे. १९८२ पर्यंत त्यास उमताली म्हणत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज मोझांबिकमधील बैरा बंदरापासून रेल्वे पश्चिमेस सरकू लागली. उमताली तेव्हा डोंगरापलीकडे वसलेली होती. डोंगर ओलांडण्यापेक्षा गाव हलविणे स्वस्त, असा हिशेब ब्रिटिश कंपनीच्या कारभाऱ्यांनी केला. रहिवाशांना भरपाई मिळाली (अर्थात गोऱ्या वसाहतवाल्यांना, हे विसरता कामा नये), बिऱ्हाडे अलीकडे उतरली आणि १८९८ मध्ये गाडी आली. ओस पडलेल्या जुन्या जागी मेथडिस्ट मिशनने शाळा काढली. १९९२ पासून तेथे विद्यापीठही आहे. आम्हां शिक्षकांस या व्यवहारातील हाच भाग अधिक भावतो.

ते पहिले रूळ अवघे दोन फूट रुंदीचे होते. ग्वाल्हेरच्या वाचकांनी २०२० पर्यंत धावलेली आपली श्योपूरची छोटी गाडी आठवावी. १९०० मध्ये रूळ साडेतीन फुटी झाले.

परंतु समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर, आणि वाट सारी परमुलखातून! बेळगाव-गोव्याकडील मंडळींस हे समजावून सांगावयास नको. मुरगाव बंदर पोर्तुगीजांचे, माल अलीकडचा. १९५५ मध्ये कॅसलरॉकची वाहतूक थांबली तेव्हा दोन्ही बाजूंनी झळ सोसली. मुतारेवर असे प्रसंग वारंवार आले. बैराहून तेल आणणारी नळवाहिनी १९६५ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले, निर्बंध आले आणि नळ कोरडा पडला. मार्च १९७६ मध्ये स्वतंत्र मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांनी सीमाच बंद केली. ती १९८० मध्ये उघडली. पुढे मोझांबिकमधील यादवीत बंडखोर रूळ उखडीत, म्हणून झिंबाब्वेने या मार्गाच्या रक्षणास आपले सैन्य धाडले. दुसऱ्याच्या देशातील रेल्वे राखावयास स्वतःची माणसे पाठविणे, यावरून त्या वाटेचे मोल कळावे.

मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळाने बैरा उद्ध्वस्त केले आणि तेथून निघणारा महामार्ग पुराने तुटला. मुतारेच्या दक्षिणेस चिमानिमानी भागातील पूलही वाहून गेले. नळवाहिनी मात्र आता हरारेपर्यंत वाढली असून झिंबाब्वेच्या इंधनाचा मोठा भाग तिच्यातूनच येतो.