जिंतूरची लांबी अठरा

सी भाषेच्या पुस्तकांत स्ट्रिंगचं पहिलं उदाहरण हमखास ‘हॅलो’ असतं, दुसरं ‘इंडिया’. दोन्ही रोमन लिपीत. तिथं एक अक्षर म्हणजे एक बाईट हा हिशेब इतका चोख जुळतो, की चुकीची समजूतही बरोबर उत्तर देत राहते आणि वर्षानुवर्षं कुणाला शंका येत नाही. त्याऐवजी देवनागरीत ‘जिंतूर’ लिहून बघावं. परभणी जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाच्या नावात पहिली वेलांटी आहे, अनुस्वार आहे, दुसरा उकार आहे. शिवाय तेच नाव रोमनमध्ये लिहिलं तर नेमकी सहा अक्षरं होतात. सीच्या स्ट्रिंग फंक्शनांबद्दलचे बरेचसे गैरसमज या एकाच नावावर तपासून घेता येतात. फंक्शनांची नावं इथं लॅबमध्ये उच्चारतात तशीच लिहिली आहेत. प्रयोगाला जीसीसीसारखा आजचा कंपायलर घ्या. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर मराठी उमटणार नाही.

‘स्ट्रलेन अक्षरं मोजतं’

‘जिंतूर’मध्ये अक्षरं किती, असं विचारलं तर कुणीही तीन म्हणेल: जिं, तू, र. स्ट्रलेन सांगतं 18. चूक दोघांचीही नाही. युनिकोडच्या लेखी हा शब्द सहा चिन्हांचा आहे: ज, वेलांटी, अनुस्वार, त, उकार आणि र. यूटीएफ-8 मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाईट घेतं. एकटा ‘ज’ मेमरीत 224, 164, 156 असा बसतो, तर वेलांटी 224, 164, 191 अशी. स्ट्रलेनला यातलं काहीच ठाऊक नसतं. शून्य किमतीचा बाईट, म्हणजे लॅबच्या बोलीतला बॅकस्लॅश झीरो, भेटेपर्यंत ते बाईट मोजत जातं.

पूर्वी हा आकडा वेगळा आला असता. 1991 च्या इस्की मानकात, म्हणजे आयएस 13194 मध्ये, प्रत्येक चिन्हाला एकच बाईट होता. तिथं जिंतूर सहा बाईटांत मावायचं. केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी 1992 मध्ये यूटीएफ-8 आखलं, तेव्हा जागा वाढली. पण त्यांनी एक मोलाची काळजी घेतली. कुठल्याही अक्षराच्या बाईटांत मध्येच शून्य येऊ दिलं नाही. म्हणून तर देवनागरीचा गंध नसलेली स्ट्रकॉपी आणि स्ट्रकॅट मराठी मजकूर आजही सुखरूप इकडून तिकडे नेतात. त्यांच्या दृष्टीनं ते फक्त शून्यापर्यंतचे बाईट असतात.

यावर एक तयार उत्तर मिळतं: वाईड कॅरेक्टर वापरा. वापरून बघा. लिनक्सवर डब्ल्यूसीएसलेन ‘जिंतूर’ची लांबी सहा देतं. तीन नाहीच.

‘स्ट्रिंगला आपली लांबी माहीत असते’

जावा किंवा पायथनमध्ये असते. सीमध्ये स्ट्रिंग नावाचा प्रकारच नाही. बाईटांची रांग असते आणि शेवटी शून्य असावं असा संकेत असतो. रेल्वेच्या शेवटच्या डब्यामागे एक्सची मोठी खूण असते. ती दिसली की गाडी पूर्ण गेली असं स्टेशनवरचे लोक धरतात. स्ट्रलेनचाही सगळा भरवसा तशाच खुणेवर. खूण नसेल तर पुढच्या मेमरीतलं जे काही असेल, तेही गाडीचेच डबे समजून मोजलं जातं.

आणि ही खूण नकळत गळू शकते. सहा घरांच्या कॅर ॲरेत रोमन लिपीतलं ‘जिंतूर’ थेट भरलं तर सी ते चालवून घेते. सहा अक्षरं सहा घरांत बसतात, सातव्या शून्याला जागा उरत नाही, ते वगळलं जातं. भाषेचा नियमच तसा आहे. सी++ मात्र हीच ओळ चूक ठरवते. सीमधला असा ॲरे प्रिंटएफला देऊन पाहावा: कधी ‘जिंतूर’ नीट छापून येईल, कधी त्यामागे कचरा येईल. नीट छापून येणं जास्त घातक, कारण मग प्रॅक्टिकलच्या वहीवर सही होते.

टर्बो सीनं या बाबतीत आपल्याकडच्या पिढ्यांना वाईट सवय लावली असं माझं मत आहे. डॉसमध्ये एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या मेमरीत पाय टाकला तर अडवणारं कुणी नव्हतं. ॲरेबाहेर लिहिलं तरी पुष्कळदा काहीच बिघडल्यासारखं दिसायचं नाही. ‘आमच्याकडे तर चालतं’ हे वाक्य तिथून आलं. जीसीसीमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर चालू करून तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तर कुठल्या ओळीवर किती बाईट बाहेर गेले हे लगेच समोर येतं.

‘एन असलेलं फंक्शन सुरक्षित’

स्ट्रकॉपी धोक्याचं, म्हणून स्ट्रएनकॉपी वापरा, हा सल्ला इतका पसरलाय की तो वाचताना कुणी थांबत नाही. स्ट्रएनकॉपी सुरक्षिततेसाठी बनलंच नव्हतं. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत प्रत्येक नोंद 16 बाईटांची असे: दोन बाईट आयनोड क्रमांकाला, 14 फाईलच्या नावाला. नाव छोटं असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, पूर्ण 14 चं असेल तर शेवटी शून्य नकोच. अशा ठरीव मापाच्या खणांसाठी हे फंक्शन आहे आणि ते आजही तसंच वागतं.

आता 18 बाईटांची जागा घ्या, कारण स्ट्रलेननं 18 सांगितलं होतं, आणि त्यात स्ट्रएनकॉपीनं ‘जिंतूर’ उतरवा. सगळे 18 बाईट जातील, शून्य जाणार नाही. जागा खरं तर 19 हवी होती. सावध माणूस म्हणेल, शेवटच्या घरात मी हातानं शून्य टाकतो. टाकलं. आता 17 बाईट उरले: पहिल्या 15 मध्ये ‘जिंतू’, मग 224, 164. ‘र’चे हे दोन बाईट, तिसरा 176 शून्याखाली गेला. पडद्यावर ‘जिंतू’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. कागदपत्रांच्या छापील प्रतींवर मराठी नावांच्या शेवटी हे चिन्ह दिसलं, की बाईट मोजून केलेल्या अशाच काटछाटीचा संशय आधी घ्यावा.

एसएनप्रिंटएफही इथं नेमकं इतकंच कापतं, आणि स्ट्रएलकॉपीही. स्ट्रएलकॉपी 1998 मध्ये ओपनबीएसडीत आलं. लिनक्सच्या जीलिबसीनं ते घ्यायला 2023 उजाडलं. ही दोन्ही फंक्शनं शून्य टाकायला विसरत नाहीत, एवढा त्यांचा फायदा. अक्षर अर्धं तुटू नये ही काळजी आपलीच. ती घेणं अवघड नाही: यूटीएफ-8 मध्ये अक्षराच्या मधले बाईट नेहमी 128 ते 191 या टप्प्यात असतात. जिथं कापायचं, तिथला बाईट या टप्प्यातला असेल तर एकेक घर मागं सरकायचं. वरच्या उदाहरणात 176 वरून 164 वर, तिथून 224 वर यायचं आणि तिथं कापायचं. उरतं स्वच्छ ‘जिंतू’. मात्र ‘जिं’सारख्या अक्षराची वेलांटी एकीकडे आणि अनुस्वार दुसरीकडे असं होऊ द्यायचं नसेल, तर आयसीयूसारखी युनिकोडची लायब्ररी लागते.

जागेचा हिशेब न ठेवणाऱ्या फंक्शनांनी काय केलंय याचा पुरावा जुना आहे. नोव्हेंबर 1988 मधल्या मॉरिस वर्मनं आत शिरण्यासाठी जे रस्ते वापरले, त्यातला एक फिंगर सेवेतल्या गेट्स फंक्शनाचा होता: 512 बाईटांच्या जागेत त्याहून जास्त मजकूर कोंबला गेला. गेट्सला जागा किती हे सांगायची सोयच नाही, म्हणून 2011 च्या मानकातून ते काढूनच टाकलं. तरी जुन्या प्रॅक्टिकलच्या फायलींमध्ये ते अजून सापडतं.

पण सगळा दोष स्ट्रिंग फंक्शनांवर ढकलून चालत नाही. एप्रिल 2014 मध्ये उघड झालेली हार्टब्लीड ही त्रुटी मेमकॉपीतून घडली, आणि मेमकॉपीला लांबी दिलेली असतेच. ओपनएसएसएलनं ती लांबी समोरच्यानं सांगितली तशी मान्य केली. समोरचा खोटं बोलला, आणि एका फेरीत 64 किलोबाईटपर्यंत परकी मेमरी बाहेर गेली.

मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट

मेमकॉपी आणि मेममूव्ह एकच, असं समजणारे पुष्कळ. कुठून आणि कुठं या दोन जागा एकमेकींवर येत नसतील तेव्हा एकच. नावाच्या सुरुवातीचे तीन स्पेस काढायला मजकूर तीन घरं डावीकडे सरकवायचा असेल, तर जागा एकमेकींवर येतात, आणि तिथं मेममूव्हच हवं. मेमकॉपीनंही ते जमून जातं, जोवर ती डावीकडून उजवीकडे कॉपी करते तोवर. पण कुठल्या दिशेनं करायचं ते तिच्यावर बंधनकारक नाही. 2010 मध्ये जीलिबसीनं काही प्रोसेसरांसाठी मेमकॉपी नव्यानं लिहिली आणि फेडोरा 14 वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. मेमकॉपी नियमानंच वागत होती, फ्लॅशनं नियम मोडला होता. लिनस टोरवाल्ड्सनी त्या वादात वापरणाऱ्यांची बाजू घेतली. मला दोन्ही बाजू पटतात. मात्र नवा कोड लिहिताना शंका आली तर मेममूव्ह लिहावं.

मेमसेटबद्दलचा गैरसमज छोटा आणि गमतीचा. इंटच्या ॲरेत सगळीकडे 1 भरायला मेमसेट वापरलं, की टर्बो सीमध्ये प्रत्येक घरात 257 दिसतो आणि आजच्या कंपायलरमध्ये 16843009. मेमसेट प्रत्येक बाईटमध्ये 1 टाकतं. टर्बो सीचा इंट दोन बाईटांचा, आताचा चार. शून्य भरताना हे उघडं पडत नाही.

‘स्ट्रटोक रकाने वेगळे करतं’

करतं, पण रिकामा रकाना गिळून. समजा एका यादीची ओळ अशी आहे: काळे,,बोरी,जिंतूर. आडनाव, मोबाईल, गाव, तालुका. मोबाईल दिलेला नाही. स्ट्रटोक लागोपाठचे दोन स्वल्पविराम एकच धरतं आणि तीनच तुकडे देतं. मोबाईलच्या रकान्यात बोरी जातं, गावाच्या रकान्यात जिंतूर, तालुका हवेत. हजार ओळींत पन्नास जणांनी मोबाईल दिला नसेल तर पन्नास ओळी सरकतात, आणि प्रोग्रॅम चूक दाखवत नाही. शिवाय स्ट्रटोक मूळ ओळीतच स्वल्पविरामांच्या जागी शून्य लिहीत जातं, आणि आपण कुठवर आलो हे एकाच ठिकाणी लक्षात ठेवतं. आधी ओळी तोडायच्या आणि त्या फेऱ्यातच रकाने तोडायचे असं केलं, की पहिल्या ओळीनंतर बाहेरचा फेरा थांबतो. रिकामे रकाने जपायचे तर बीएसडीकडून आलेलं स्ट्रसेप आहे, किंवा स्ट्रकॅर वापरून स्वल्पविराम स्वतः शोधावा.

‘स्ट्ररेव्ह सीचं फंक्शन आहे’

नाही. स्ट्ररेव्ह, स्ट्रअपर, स्ट्रलोअर ही टर्बो सीसारख्या कंपायलरांची पदरची भर. मानक सीमध्ये ती कधीच नव्हती, म्हणून लिनक्सवर लिंकर हात वर करतो.

पॅलिन्ड्रोमचा प्रोग्रॅम कॉलेजात प्रत्येकानं लिहिलेला असतो. त्याला ‘रामाला भाला मारा’ द्या. शाळेतली मुलंसुद्धा हे उलटसुलट सारखंच वाचतात. प्रोग्रॅम मात्र नाही म्हणतो. बाईट उलटवले तर ओळ अक्षराच्या मधल्या बाईटपासून सुरू होते, म्हणजे तो मजकूरच उरत नाही. युनिकोडची चिन्हं उलटवली तर काना आधी येतो आणि र मागून. जमायचं तर ‘रा’, ‘मा’, ‘ला’ अशी आख्खी अक्षरं उचलावी लागतात, मधला स्पेस सोडून.

‘स्ट्रकम्पनं शून्य दिलं नाही, म्हणजे शब्द वेगळे’

बाईट वेगळे, एवढंच. स्ट्रकम्प -1, 0 किंवा 1 देतं हीसुद्धा ऐकीव गोष्ट. मानक फक्त चिन्हाची हमी देतं: ऋण, शून्य किंवा धन. त्यामुळे निकाल बरोबर 1 आहे का, असं तपासणारा कोड एका कंपायलरवर चालतो आणि दुसऱ्यावर फसतो.

‘शेतकऱ्यांची यादी’ या शब्दांतला ‘ऱ्य’ तीन प्रकारे टाईप झालेला सापडतो. कुणी ऱ हे एकच चिन्ह वापरतं, कुणी र आणि खालचा नुक्ता, कुणी र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह. पडद्यावर फरक कळत नाही. स्ट्रकम्पसाठी हे तीन वेगळे शब्द. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नॉर्मलायझेशननं एक होतात; तिसरा होत नाही, तो वेगळा बदलून घ्यावा लागतो.

क्रमवारीचं दुखणं आणखी खास मराठी आहे. यूटीएफ-8 चे बाईट युनिकोडच्या क्रमानंच लागतात, आणि तो क्रम बराचसा वर्णमालेचाच. पण युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या तक्त्यात ह नंतर. त्यामुळे स्ट्रकम्पनं लावलेल्या आडनावांच्या यादीत काळे हे कावळे, काशीद आणि कासार यांच्या आधी येतात. क्षीरसागर तर क मध्येच, कोरड्यांच्या मागे सापडतात, कारण युनिकोडसाठी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. भाषेप्रमाणे क्रम लावायला स्ट्रकोल आहे. ते मराठीच्या लोकेलमधली क्रमवारी पाहतं, आणि ते लोकेल यंत्रावर असावं लागतं. सीचा प्रोग्रॅम कुठलीही भाषा न मानणाऱ्या साध्या लोकेलमध्ये सुरू होतो. सुरुवातीला सेटलोकेल बोलावलं नाही, तर स्ट्रकोलही स्ट्रकम्पसारखंच बाईट बघून काळ्यांना काशीदांच्या आधी बसवतं.