स्तंभाचें बंड व मन्ने येथील ताम्रपट

नुकत्याच गादीवर बसलेल्या राजाविरुद्ध त्याच्या वडील भावानें उठाव करावा व तो फसावा, ही गोष्ट इतिहासांत दुर्मिळ नाहीं. परंतु फसलेल्या बंडवाल्याचें पुढें काय झालें, हें त्याच्याच दानपत्रावरून कळावें, असा योग क्वचित् येतो. राष्ट्रकूट तिसरा गोविंद व त्याचा वडील बंधु स्तंभ यांच्या कलहांत तो आला आहे. ताम्रपटांच्या संग्राहकांनीं लक्षांत ठेवावा असा बोध त्यांत असल्यामुळें तो प्रसंग येथें मांडीत आहों.

ध्रुव धारावर्षाच्या पुत्रांपैकीं स्तंभाकडे गंगवाडीचा, म्हणजे दक्षिण कर्नाटकांतील प्रांताचा, कारभार होता. तेथील गंग राजा शिवमार यास ध्रुवानें बंदींत टाकिलें होतें. राज्य मात्र ध्रुवानें धाकट्या गोविंदास नेमिलें. शके ७३० (इ. स. ८०८) च्या राधनपूर ताम्रपटांत असें वर्णन आहे कीं, पिता सर्व राज्य देऊं लागला असतां गोविंदानें तें नाकारून, आपणांस यौवराज्याची कंठिका पुरे आहे, असें सांगितलें. वडील पुत्र हयात असतां धाकट्याच्या निवडीचें इतकें समर्थन करावें लागतें, यावरूनच ती निवड सर्वांस रुचली नसावी, असें आम्हांस वाटतें.

आतां कालनिर्णय पाहूं. शके ७१५ च्या दौलताबाद ताम्रपटांत ध्रुव राज्यावर आहे. पैठण ताम्रपट शके ७१६ च्या वैशाख अमावास्येचा, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळचा, म्हणजे इ. स. ७९४ च्या मे महिन्याच्या ४ तारखेचा आहे. त्यांत गोविंद राजा आहे, पण भावाशीं झालेल्या युद्धाचा शब्दही नाहीं. तेव्हां राज्यारोहण आधीं व बंड मागून, हा क्रम ठरतो.

बंडांत बारा राजे एकवटले व गोविंदानें एकट्यानें त्यांस हतप्रभ केलें, असें राधनपूर ताम्रपट सांगतो. या जुटीचा नायक स्तंभ होता, हें त्याच घराण्याच्या अन्य पटांवरून कळतें. प्रशस्तिकारानें येथें प्रलयाग्नि व द्वादशादित्य यांची उपमा योजिली आहे. आदित्य बारा, म्हणून राजेही बारा. सबब ही संख्या अक्षरशः घेण्यापूर्वीं वाचकांनीं थोडें थांबावें, असें आम्ही सुचवितों. शिवमारास गोविंदानें बंधमुक्त केलें होतें. तोही उलटला व पुन्हा बंदींत पडला.

मग स्तंभाचें काय झालें? विजेत्याची प्रशस्ति एवढ्यावरच राहिली असती, तर आपण त्याचा वध किंवा कारावास कल्पिला असता. परंतु कर्नाटकांत मन्ने येथें शके ७२४ (इ. स. ८०२) चा एक ताम्रपट मिळाला. त्यांतील दाता रणावलोक कंभराज हा स्तंभच होय. संस्कृत ‘स्तंभ’ तोच कन्नडांत ‘कंभ’ झाला. आपला ‘खांब’ही त्याच कुळांतला. हा कंभराज गंगवाडीवर अधिकार चालवीत असून गोविंदाचें आधिपत्य मान्य करितो! म्हणजे शके ७१६ नंतर केव्हांतरी उठलेला भाऊ शके ७२४ पर्यंत क्षमा पावून जुन्याच जागीं स्थिरावला होता. गोविंदास पुढें उत्तरेंत नागभटाशीं झुंजावयाचें होतें. गंगवाडी गंगांच्या हातीं जाण्यापेक्षां नमलेल्या भावाच्या हातीं असणें त्यास सोयीचें वाटलें असावें, असा आमचा तर्क आहे.

येथें बोध इतकाच. पैठणचें मौन आणि मन्ने येथील दात्याचें नांव, या दोन शुष्क गोष्टींनीं जें कळलें तें डौलदार श्लोकांनीं कळलें नसतें. ताम्रपट हातीं आला असतां वंशवर्णन नेहमींचेंच म्हणून पुष्कळजण पुढें वाचीतच नाहींत. सुटा पत्रा तर तांब्याच्या भावानें मोडींत जातो. दात्याचें नांव, तिथि, संवत्सर व स्थळ यांची नक्कल आधीं उतरून घ्यावी, मग श्लोकांचा आस्वाद घ्यावा. मन्ने येथील पत्रे असेच भट्टींत गेले असते, तर भावास क्षमा करणारा गोविंद आपणांस कधींच दिसला नसता.