माजी विद्यार्थी आणि धाराशिवची नवी पिढी

धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचे विद्यापीठ प्रारंभी हैदराबादचे उस्मानिया होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते मराठवाड्यात आले, आणि २००४ मध्ये त्याचे उपकेंद्र धाराशिवातच सुरू झाल्यावर पदव्युत्तर शिक्षण जिल्ह्याच्या दारी पोहोचले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण आवार तर त्याआधीपासूनच तुळजापुरात आहे. मात्र पदवीनंतर कोणती परीक्षा द्यावी, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, मुलाखतीत काय विचारतात, ही माहिती त्या वेगाने जवळ आली नाही. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला असतो, त्याला हे सांगणारे माणूस घरात नसते.

अशा माहितीला आणि ओळखींना समाजशास्त्रात ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. पैशासारखी तीही पिढ्यानपिढ्या साठत जाते आणि नसली तर गुणवत्ता असूनही माणूस अडतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असे मांडले, की नव्या संधीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा दूरच्या परिचितांकडून मिळण्याची शक्यता अधिक असते, कारण जिवलगांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. भूम किंवा परंडा तालुक्यातील विद्यार्थ्याला असा दूरचा परिचित मिळवून देण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच्याच महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेला माजी विद्यार्थी.

हे मार्गदर्शन मुळीच होत नाही असे नाही. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला निघालेल्या मुलाला गावाकडचा सीनियरच खोली पाहून देतो, मेस दाखवतो, अभ्यासिकेत जागा मिळवून देतो, आणि कोणता क्लास लावू नये हेही स्पष्ट सांगतो. ही व्यवस्था कोणत्याही समितीपेक्षा कार्यक्षम आहे, हे मान्यच करावे लागते. परंतु ती गाव, भावकी, जात आणि वसतिगृह यांच्या धाग्यांवर चालते; ज्याचा पुण्यात कोणी नाही तो तिच्या बाहेर राहतो, आणि मुलगी असल्यास अनोळखी सीनियरला फोन करणेही अवघड होते. महाविद्यालयाने काही करायचे असेल तर हीच अनौपचारिक ओळख सर्वांना खुली करून द्यावी.

प्रत्यक्षात माजी विद्यार्थी संघाचा कारभार बहुधा वर्षातून एका स्नेहमेळाव्यावर आटोपतो: सत्कार, शाल-श्रीफळ, एखाद्या अधिकाऱ्याचे प्रेरणादायी भाषण. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद म्हणजे ‘नॅक’ आपल्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची नोंद मागते, त्यामुळे छायाचित्रे आणि इतिवृत्ते तेवढी व्यवस्थित असतात. भाषण आणि मार्गदर्शन यांत मात्र मूलभूत फरक आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८५ मध्ये मार्गदर्शकाची दोन कार्ये सांगितली: पुढची वाट दाखवणे, म्हणजे शिफारस, ओळख, कामाची सवय, आणि धीर देणे, म्हणजे अपयशातही त्या व्यक्तीवर विश्वास ठेवणे. दोन्हींसाठी काही महिने टिकणारा संबंध लागतो, आणि तो शंभर जणांच्या सभागृहात जुळत नाही.

यशस्वी ठरलेल्यांनाच बोलावण्याची सवयही सोडावी लागेल. चार वेळा परीक्षा देऊन अखेर वेगळा व्यवसाय धरलेला माजी विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या मुलाला जिल्हाधिकाऱ्याइतकाच, किंबहुना अधिक, उपयोगी पडतो. कारण परीक्षेबाहेरचे जग त्याने पाहिलेले असते आणि बहुतेकांच्या वाट्याला तेच येते. एका माजी विद्यार्थ्याकडे दोन-तीनच विद्यार्थी, महिन्यातून एक ठरलेला फोन, आणि दोघांची गाठ घालून देणारा एक प्राध्यापक, एवढ्यावर काम सुरू होऊ शकते.

कायद्याची अडचण यात नाहीच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार महाविद्यालय विकास समितीवरील स्थानिक सदस्यांपैकी किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. ती जागा प्रतिष्ठेची म्हणून भरण्याऐवजी असे मार्गदर्शन उभे करण्यास तयार असलेल्या माणसाला द्यावी. त्यासाठी शासनाच्या नव्या अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही.