शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच असं नाही; घरात तरुणपणी आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर हे वाचा

शौचावाटे रक्त पडलं की आपल्याकडे पहिला अंदाज मूळव्याधीचा. फाट्याफाट्यावर तसे बोर्डही लागलेले असतात. बऱ्याचदा अंदाज बरोबर निघतो. पण ज्या घरात वडील, आत्या, चुलते अशा दोघा-तिघांना चाळिशीच्या आसपास मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय, तिथे हा अंदाज महागात पडू शकतो. 'आमच्या घराण्यातच आहे' असं लोक म्हणतात, त्यामागे एका जनुकाचा बिघाड असू शकतो. त्या जनुकाचं नाव एपीसी. ते १९९१ मध्ये सापडलं.

आपल्या आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. अस्तरात बारीक खड्डे असतात. त्यांच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात आणि गळून पडतात. तळाशी असताना त्यांना 'वाढा' असा निरोप मिळतो. त्याला विंट म्हणतात. पोटातल्या बाळाचे अवयव घडतात तेही याच निरोपावर. या नावाचा एक धागा दिल्लीचा आहे. तिथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतले आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये पंख नसलेल्या फळमाशीची नोंद केली, तिला 'विंगलेस' म्हटलं. विंटमधला 'विं' तिथून आला.

आता बिघाड कसा होतो ते बघू. पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन सारखं तयार होत असतं, रानात तण उगवावं तसं. एपीसी आणि त्याचे साथीदार ते सारखं खुरपून काढतात. 'वाढा' असा निरोप आला की खुरपणी तेवढ्यापुरती थांबते, प्रथिन साठतं, पेशी वाढतात. निरोप संपला की खुरपणी परत सुरू. एपीसीच गेलं तर खुरपणी कायमची बंद. मग निरोप नसतानाही पेशी वाढतच राहतात आणि तिथे गाठ उगवते. तिला पॉलिप म्हणतात. हा मूळव्याधीचा कोंब नव्हे, तो आत आतड्यात असतो, बाहेरून दिसत नाही.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक चांगली असली तरी काम भागतं. सर्वसाधारण माणसात एकाच पेशीतल्या दोन्ही प्रती बिघडायला बराच काळ जातो. पण जो एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मला, त्याची दुसरी प्रत कुठल्या ना कुठल्या पेशीत जातेच, कारण पेशी कोट्यवधी आहेत. अशा मुलांना शाळा-कॉलेजच्या वयातच शेकडो पॉलिप येतात. उपचार केले नाहीत तर चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांना कॅन्सर होतो.

घराण्यात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आतड्याच्या कॅन्सरच्या दहापैकी साधारण आठ गाठींत एपीसी बिघडलेलं सापडतं. शिवाय घराण्याचा हा आजार असलेल्या चौघांपैकी एकाच्या घरात आधी कुणालाच तो नसतो, बिघाड त्याच्यापासूनच सुरू होतो.

दिलासा एवढाच की पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा काही वर्षं लागतात, कारण त्यासाठी आणखी जनुकं बिघडावी लागतात. तेवढ्या काळात दुर्बिणीने तपासता येतं, पॉलिप काढता येतात. फारच झाले तर ऑपरेशन करून मोठं आतडं काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यानंतर माणसं कामधंदा करतात, संसार करतात.

बिघाड पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक मुलामागे निम्मी, मुलगा असो वा मुलगी. त्यामुळे सासरी गेलेल्या लेकीला आणि तिच्या पोरांनाही सांगायला हवं. नेमकी तीच बहुतेक घरांत राहून जाते. आधी रुग्णाच्या रक्ताची जनुक तपासणी होते. बिघाड सापडला तर भावंडांची आणि मुलांची. ज्यांच्यात आहे त्यांची दुर्बीण तपासणी दहा-बारा वर्षांपासून सुरू करतात. ज्यांच्यात नाही, त्यांना वरचेवर दुर्बीण घालायची गरज उरत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये जनुकीय सल्ल्याची सोय आहे. जाताना रुग्णाची जुनी फाइल आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत न्या. रुग्ण हयात नसला तरीही.