बलवान मोटार बांधून घेताना

मोहाडीसारख्या लहान गावातील एका निवृत्त शाळामास्तराने आज निवडलेला विषय आपणांस काहीसा विलक्षण वाटेल. अचाट शक्तीची मोटार कारागिराकडून आपल्या मर्जीप्रमाणे बांधून घ्यावयाची असेल, तर काय पाहावे, हा तो विषय होय. अशा मोटारीस अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. दंडाची बेटकुळी फुगवून दाखविणाऱ्या पहिलवानासारखी मोटार, असे म्हटले म्हणजे अर्थ ध्यानी येईल.

वस्तू नवी असली, तरी व्यवहार आपणांस अपरिचित नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात शंकरपटाचा शौक जुना आहे. पटाची हलकी रेंगी जाणता शौकीन सुताराजवळ बसून करवून घेतो. आस सरळ आहे की नाही, चाक डुगडुगते काय, धाव घट्ट बसली आहे काय, हे तो स्वतः पाहतो. रेंगीतील दोष डोळ्यांस दिसतो. मोटारीतील दोष मात्र रंगाखाली झाकला जातो. म्हणून तेथे नजरेपेक्षा प्रश्न अधिक कामास येतात.

या जातीच्या मोटारींचा आरंभ सामान्यतः 1964 सालच्या पाँटिअॅक जीटीओ या गाडीपासून धरतात. मध्यम बांध्याच्या टेंपेस्ट नामक गाडीत कंपनीने मोठ्या गाडीचे 389 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे एंजिन बसविले आणि 325 अश्वशक्तीची जाहिरात केली. युक्ती साधी होती आणि तरुण गिऱ्हाइकांस ती फार आवडली. परंतु त्या पहिल्या जीटीओच्या चारही चाकांना ड्रमचेच ब्रेक होते. पळण्याची शक्ती वाढली, पण थांबण्याची शक्ती त्या मानाने वाढली नाही. या जातीचे मूळ व्यंग येथेच आहे आणि हौसेने बांधविलेल्या पुष्कळ गाड्यांत ते आजही आढळते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने धंद्यात चार पैसे मिळाल्यावर अशाच मोटारीसाठी विसार देण्याचा बेत केला आणि कारागिराने काढून दिलेले चित्र मला आणून दाखविले. चित्र देखणे होते. एंजिनाचे वर्णन दोन पाने भरून होते. ब्रेकांविषयी त्यात एक अक्षर नव्हते. मी त्यास शाळेतीलच एक उदाहरण घातले. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदास सुमारे 17 मीटर जाते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून ती अदमासे 20 मीटरांत उभी राहते. वेग दुप्पट झाला, म्हणजे हे अंतर दुप्पट न होता चौपट होते, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 120 च्या वेगास सुमारे 80 मीटर लागतात. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी 33 मीटर. एकूण 113 मीटर झाले. तेवढ्या अंतरात रस्त्यावर गाय येऊ शकते, सायकलवरचे पोरही येऊ शकते. तेव्हा पहिला प्रश्न एंजिनाचा नव्हे. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन या वेगासाठी बदलले आहेत काय, हा होय.

दुसरा प्रश्न जोडणीचा. एंजिनाचा पीळ पेलणारी गियरबॉक्स नसेल, तर दात तुटतात. आमच्या जिल्ह्यात गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. तेथे अवजड गाड्यांच्या गियरबॉक्स तयार होतात. मोटारीचा हा एक अवयव बनविण्यास स्वतंत्र कारखाना लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कोपऱ्यावरच्या वर्कशॉपात ‘सर्व काही येथेच करतो’ असे कोणी सांगितल्यास त्यावर किती विश्वास ठेवावा, ते समजते.

आपल्याकडील ठळक उदाहरण मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइन या संस्थेचे. गिऱ्हाइकांच्या गाड्यांस नवे रूप देण्यात नाव मिळविल्यावर या संस्थेने 2012 च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ‘अवंती’ ही दोन आसनी गाडी मांडली. अमेरिकन अर्थाने ती मसल कार नव्हे. एंजिन पुढे नसून आसनांच्या मागे होते. आकार आपला, पण सुमारे 250 अश्वशक्तीचे दोन लिटरचे एंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे. यात कमीपणा काही नाही; लहान कारखानदार जगभर असेच करतात. परंतु अवंतीचे उत्पादन आता बंद आहे, आणि गाडी थोडक्या संख्येने निघाली, म्हणजे तिचे दार किंवा दिवा उद्या कोठे मिळणार, ही चिंता मालकाच्या वाट्यास येते. मोठ्या कंपनीची गाडी घेतली तरी पूर्ण निश्चिंती नाहीच. फोर्डने 2016 साली सुमारे 400 अश्वशक्तीची मस्टँग येथे आणली आणि 2021 साली या देशातील मोटारींचे उत्पादन बंद करीत असल्याचे जाहीर केले.

आता कायद्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण पैसा बहुधा येथेच बुडतो. शंकरपटाचेच पाहा. उत्तम रेंगी आणि उत्तम जोडी दारी असूनही 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती पळविता येत नव्हती. 16 डिसेंबर 2021 रोजी परवानगी मिळाली, तेव्हा पट पुन्हा भरू लागले. मोटारीचेही तसेच आहे. विक्रीस काढावयाच्या गाडीचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही 1966 पासूनची संस्था त्यांपैकी एक. आपला कारागीर बहुधा असा नमुना मंजूर करून घेत नाही. तो एखादी नोंदलेली गाडी घेऊन तिचे रूप पालटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील वर्णन कारखानदाराच्या मूळ वर्णनाशी विसंगत होईल, असा बदल मालकास करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलास दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. आणि ती कारागिरास नव्हे, मालकास आहे! विमा कंपनीस न कळविता बदल केला असेल, तर अपघातानंतर भरपाई नाकारली जाण्याचा धोका वेगळाच.

म्हणून विसार देण्यापूर्वी लेखी विचारावे: ही गाडी कोणत्या गाडीच्या सांगाड्यावर उभी राहणार? नवी म्हणून विकत असाल, तर विक्रीचा नमुना 21 आणि रस्त्यास योग्य असल्याचा नमुना 22 देणार काय? जुनी असेल, तर तिचा चासी क्रमांक व एंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी आणि परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदीशी स्वतः ताडून पाहावा, त्यावर कोणाचे कर्ज आहे काय तेही पाहावे. रक्कम एकदम न देता कामाच्या टप्प्याटप्प्याने द्यावी, आणि शेवटचा मोठा हप्ता गाडी आपल्या नावे नोंदली जाईपर्यंत हाती ठेवावा. माझ्या विद्यार्थ्याने हे प्रश्न लिहून पाठविले. उत्तरादाखल दुसरे एक चित्र आले, पहिल्याहून अधिक देखणे. त्याने विसार दिला नाही.

एवढे करूनही कोणास कायदेशीर, चांगली बांधलेली गाडी मिळाली, तर ती चालवावयाची कोठे? नागपूरहून मुंबईस जाणाऱ्या 701 किलोमीटरांच्या समृद्धी महामार्गावरही मोटारीस कमाल वेग 120 चाच आहे, आणि तेवढा साधी गाडीही गाठते. बाकी प्रवास आपल्या नेहमीच्या रस्त्यांनी. तेव्हा ताबा घेताना दोन माणसे आत बसवून गाडीच्या पोटाखालची उंची टेपने मोजून घ्यावी; आमच्या तालुक्यातील गतिरोधक अश्वशक्तीस जुमानीत नाहीत.