टंकणाचा रेणुभार : द्रावणावरून पडताळणी

टंकणाची लाही करताना त्यातील स्फटिकजल उडते. ते किती उडाले, हे द्रावणावरून ताडता येते. प्रतिलिटर ग्रॅममधील वजनास मोलर संहतीने भागले असता रेणुभार मिळतो. संहती हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अनुमापनाने काढावी. एक मोल टंकणास दोन मोल आम्ल लागते, हे ध्यानी ठेवावे. अशोधित टंकण १९.०७ ग्रॅम प्रतिलिटर घेतल्यास संहती ०.०५ येते, म्हणजे रेणुभार ३८१.४. निर्जल टंकणाचा रेणुभार २०१.२. माल भेसळरहित असूनही उत्तर यांच्या दरम्यान आल्यास जल शिल्लक आहे, असे समजावे. निर्जल टंकणाच्या १ ग्रॅममध्ये अशोधिताच्या सुमारे १.९ ग्रॅमइतका क्षार असतो. म्हणून प्रत्येक बॅच तपासल्याविना मात्रा ठरवू नये, असे आमचे मत आहे.